तिसऱ्या बेसजवळचा जावई

माझा नवरा उलिसेस मोका गावचा. लग्नाला वीसेक वर्षं होत आली. तेवढी वर्षं तो आमच्या गावात, बानीत राहतोय, बानीचं पाणी पितोय, माझ्या आईच्या हातचं जेवतोय. पण हिवाळ्यात बेसबॉलची लीग सुरू झाली की कपाटातून कोंबडा छापलेला लाल शर्ट काढतो आणि आमच्याच अंगणात आमच्या समोर येऊन बसतो. मोकाचा संघ म्हणजे कोंबडे, आमचा म्हणजे खेकडे. कोंबडे जिंकले की तो सकाळी दात घासताना आरवतो. खोटं नाही सांगत, आरवतो. शेजारी खिडकीतून शिव्या देतात. आणि खेकडे जिंकले की माझी आई, जिला सगळं गाव दोन्या क्रुसिता, म्हणजे क्रुसिताबाई, म्हणतं, ती त्याच्या ताटात पातेल्याच्या तळाच्या भाताच्या खरवडीचा सगळ्यात मोठा तुकडा वाढते आणि म्हणते, "घ्या जावईबापू, दुःखात माणसानं खावं." अशी त्यांची माया आहे.

त्या रविवारी दुपारी कोंबडे आमच्या मैदानावर आले होते. माझा धाकटा भाऊ रादामेस याने कोणाच्या तरी ओळखीने तिसऱ्या बेसच्या बाजूची, अगदी पहिल्या रांगेतली चार तिकिटं मिळवली. समोर कमरेएवढा कठडा आणि त्याच्यापलीकडे थेट मैदान. खेळाडू पुटपुटला तरी ऐकू येईल इतकं जवळ. रादामेस, मग आई, मग उलिसेस, मग मी, असे आम्ही बसलो. सगळीकडे आमची निळ्या टोप्या-शर्टांची गर्दी आणि मधोमध हा एक लाल ठिपका. आईच्या मांडीवर झाकलेली टोपली होती. तिने सकाळी उठून यानिकेके, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तळल्या होत्या, ताटलीएवढ्या, चावल्या की कानात आवाज होणाऱ्या.

"एवढ्या कशाला गं?" मी विचारलं.

"सामना लांबला तर? माणूस उपाशी ओरडू शकत नाही."

सामना सुरू व्हायच्या आधीच भोंग्यावरून बातमी आली की आमचा चेंडू टाकणारा अमेरिकन पिचर पोट बिघडून हॉटेलातच पडलाय, त्याच्या जागी तातो कोर्देरो खेळेल. सगळ्या मैदानातून उसासा निघाला. तातो म्हणजे चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस. एके काळी तोही अमेरिकेत खेळून आला होता, पण आता सामना हातचा गेला की उरलेसुरले चेंडू टाकायला त्याला पाठवायचे. तो मैदानाच्या मधल्या उंचवट्याकडे चालत निघाला, तेव्हा बँडवाल्यांनी सुद्धा अर्धवटच वाजवलं.

उलिसेसचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. लॉटरी लागलेल्या माणसासारखा.

"दिलेनिया," तो मला म्हणाला, पण आवाज भावाला ऐकू जाईल असा, "हा पिचर आहे की पिचरचे वडील?"

"गप्प बस."

"नाही, आपलं विचारतोय. त्याने चेंडू टाकला की तो पोचेपर्यंत मी कॉफी घेऊन येतो. कोणाला हवी आहे का?"

रादामेस आईच्या पुढ्यातून वाकला. "दाजी, कोंबडं कापायला नवी सुरी लागत नाही. जुनी चालते, फक्त जरा जास्त वेळ ओरडतं ते."

आई हसली आणि तिने छातीवर क्रूस काढला. सामना सुरू झाला.

आता तातोचा चेंडू खरंच हळू होता. इतका हळू की कोंबड्यांचे तगडे फलंदाज बॅट आधीच फिरवून मोकळे व्हायचे आणि चेंडू मागाहून पोचायचा, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. पहिल्या डावात तिघं बाद, दुसऱ्यात तिघं बाद. तिसऱ्यात चार चेंडू बाहेर गेल्यामुळे एकाला फुकट चालत पहिल्या बेसवर जायला मिळालं, पण पुढच्याने मारलेला चेंडू सरळ आमच्या खेळाडूच्या हातात गेला आणि बेस सोडून धावत सुटलेल्या त्या पहिल्यासकट दोघंही बाद. आमच्या पोरांनी तोवर तीन धावा काढल्या होत्या. उलिसेस म्हणत होता, "होऊ द्या गरम त्यांना. डिझेलचं इंजिन आहे, वेळ लागतो."

पाचव्या डावानंतर तो पाय मोकळे करायला उभा राहिला आणि त्याची नजर दूरच्या धावांच्या फळ्यावर गेली. मी त्याच्याकडेच बघत होते. त्याच्या ओठांची हालचाल थांबली, भुवया वर गेल्या आणि मग हळूहळू, फार गोड असं एक हसू त्याच्या तोंडावर पसरलं. त्या हसण्याची मला लग्नापासून भीती वाटते.

मी फळा बघितला. मोकाच्या नावापुढे हिटच्या खाली, म्हणजे फटका मारून बेस गाठण्याच्या रकान्यात, शून्य होतं.

हे आमच्यापैकी प्रत्येकाला केव्हाच दिसलं होतं. रादामेसने चौथ्या डावापासून एक बूट काढून ठेवला होता आणि नशीब फिरेल म्हणून तो घालायला तयार नव्हता. मागच्या रांगेतला एक जाडा माणूस अनोळखी बाईचं बाळ मांडीवर घेऊन बसला होता; तिला दूध गरम करायचं होतं म्हणून त्याने ते घडीभर घेतलं, आणि आता ती परत मागत असताना तो देत नव्हता, "डाव संपू दे ताई" म्हणत होता. बँडवाले एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होते. नऊच्या नऊ डाव समोरच्या संघाला एकही हिट न देणं, हे माझ्या आईच्या आयुष्यात बानीच्या मैदानावर घडलेलं नव्हतं. आजोबांच्या वेळी घडलं होतं म्हणतात, पण आजोबा बरंच काही म्हणायचे. आणि अशी गोष्ट घडत असताना तिचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे आमच्याकडे बोलायला लागलेलं पोर सुद्धा जाणतं. नाव काढलं की गेली.

आता विचार करा. हजारो माणसं श्वास धरून बसलेली, आणि त्यांच्यात, आमच्या बाजूला तरी, नाव काढायला मोकळा असा एकच माणूस. तो माझा नवरा.

तो खाली बसला, घसा साफ केला आणि माझ्याकडे वळला. "दिलेनिया, तुझ्या लक्षात आलं का, आज अजून आमच्या पोरांना एकसुद्धा..."

पुढचं ऐकू आलं नाही, कारण आईने एक अख्खी यानिकेके त्याच्या तोंडात कोंबली होती.

"गरम आहे तोवर खा," आई मैदानाकडेच बघत म्हणाली.

ती गरम नव्हती. उलिसेसने चावली, गिळली, ओठ पुसले. "मी म्हणत होतो की हा तातो आज..."

दुसरी गेली.

सहाव्या डावात तेच, सातव्यात तेच. त्याला मजा यायला लागली होती. तो नुसता तोंड उघडायचा, काही न बोलता, जांभई दिल्यासारखं, आणि आईचा हात टोपलीतून सुटायचा. मागचा जाडा माणूस बाळासकट पुढे वाकून म्हणाला, "दोन्या, माझ्याकडे शेंगदाणे आहेत, कमी पडले तर सांगा." पलीकडच्या रांगेतून कोणीतरी तळलेल्या केळ्याचे काप पाठवले. माझ्या नवऱ्याला गप्प ठेवायला अर्धी रांग खाऊ पुरवत होती. मला मात्र पाचव्या डावापासून बाथरूमला जायचं होतं आणि मी पायावर पाय घट्ट टाकून बसले होते, कारण आईने सांगून ठेवलं होतं, "तू उठलीस आणि काही झालं, तर माझ्या घरी येऊ नकोस."

सातव्या डावात जीव गेलाच होता. कोंबड्यांच्या फलंदाजाने मारलेला चेंडू जमिनीवरून उसळत गेला, आमच्या पोराच्या ग्लव्हला लागला आणि खाली पडला. तो उचलेपर्यंत फलंदाज बेसवर. आता हे फटक्याचं श्रेय की आमच्या पोराची चूक? ते वर काचेच्या खोलीत बसलेला हिशेबनीस ठरवणार. सगळं मैदान माना वळवून फळ्याकडे बघत बसलं. कोणी पाणी प्यायलं नाही. शेवटी 'चुका'च्या खाली एक आकडा लागला आणि हिटचं शून्य तसंच राहिलं. एका चुकीसाठी लोकांनी एवढा जल्लोष केलेला मी कधी पाहिला नव्हता. ज्या पोराच्या हातून चेंडू सुटला, त्याला स्वतःलाही टाळ्या वाजवाव्या की रडावं ते कळेना.

"हिट होता तो," उलिसेस तोंडातले शेंगदाणे सांभाळत म्हणाला. पण त्याच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. तो आमच्या संघाच्या बाकाकडे बघत होता.

डाव संपून तातो तिथे जाऊन बसला होता, बाकाच्या अगदी टोकाला. डोक्यावर टॉवेल. बाकी सगळी पोरं बाकाच्या दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने. असं चालू असताना पिचरशी कोणी बोलत नाही, त्याच्याजवळ जात नाही; हीही रीतच आहे. तातोने उजवा खांदा डाव्या हाताने धरला होता आणि तो हळूहळू चोळत होता.

"पाणी तरी द्या रे कोणी त्याला," उलिसेस म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. "कोणाला?"

"कोणाला नाही." आणि त्याने केळ्याचा काप तोंडात टाकला, आपणहून.

आठव्या डावात दोघं बाद झाले, आणि तिसरा फलंदाज येत असताना उलिसेसने पुन्हा तोंड उघडलं. आईचा हात टोपलीत गेला. टोपलीत हात फिरला, खडखडला, आणि रिकामाच वर आला. जाड्या माणसाने शेंगदाण्यांची पिशवी उलटी केली; त्यातून मीठ पडलं. माझा भाऊ पांढराफटक पडला.

उलिसेस तोंड उघडं ठेवून आमच्याकडे एकेक करून बघत गेला. आईकडे, रादामेसकडे, त्याच्या त्या एका मोज्याकडे, मागच्या बाळाकडे. घाई नव्हती त्याला. वीस वर्षांचे टोमणे, वीस वर्षांची खरवड, सगळं एका शब्दात फेडता आलं असतं.

"आज हवा छान आहे," तो म्हणाला, आणि त्याने तोंड मिटलं.

आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मी हळूच विचारलं, "का नाही बोललास?"

"पोट भरलंय," तो म्हणाला.

नववा डाव. आमच्यातलं कोणी बसलेलं नव्हतं आणि कोणी ओरडतही नव्हतं, नुसती गुणगुण चालली होती, मोहोळासारखी. पहिला फलंदाज उंच फटका मारून झेलबाद. दुसरा तीन वेळा बॅट फिरवून हवेत वार करून गेला. माझ्या कानाशी उलिसेस काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं मोकासाठी देवाचा धावा करतोय. मी कान दिला.

"हळू टाक," तो म्हणत होता. "अजून हळू. तोच टाक म्हाताऱ्या, तोच, त्याला कळलेला नाही तो."

"उलिसेस."

"काय?"

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"मला आत्ता काही विचारू नकोस," तो म्हणाला, आणि त्याने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

तिसरा आला तो त्यांचा सगळ्यात मोठा फलंदाज, ज्याला क्रेन म्हणतात. याचा फोटो आमच्या फ्रिजवर आहे. मी दूध घ्यायला जाते तेव्हा रोज त्याचं तोंड बघते. क्रेनने पहिला चेंडू सोडला. दुसरा मारला तो बाहेर, गर्दीत. तिसऱ्याला तातोने हात मागे नेला, सबंध अंग फेकलं, आणि त्यातून तो चेंडू असा आला की वाटेत त्याला झोप लागली असावी. क्रेनची बॅट त्याला खालून जेमतेम चाटून गेली. चेंडू सरळ वर गेला. वर, वर, दिव्यांच्या खांबांच्याही वर, आणि मग समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने त्याला धरलं आणि ढकलत ढकलत आमच्याकडे आणलं.

आमच्याकडे म्हणजे अगदी आमच्याकडे. कठड्यावर.

तिसऱ्या बेसवरचा आमचा विल्किन, काटकुळं पोर, मान वर करून धावत येत होता. आणि आमच्या रांगेत काय झालं? जे कुठल्याही रांगेत होतं तेच. चेंडू येताना दिसला की माणसाचं डोकं चालत नाही, हात चालतात. रादामेसचे हात वर, जाड्याचा मोकळा हात वर, माझ्या आईचे, त्या बाळाचे सुद्धा. कठड्याच्या आत आलेला चेंडू प्रेक्षकाने धरला तर नियमाने त्याचा काही गुन्हा नाही. पण मग झेल गेला, फलंदाज जिवंत, आणि पुढे काय होईल ते देव जाणे. आम्ही, खेकड्यांची माणसं, आमच्याच तातोचा घात करायला हात पसरून उभे होतो.

उलिसेसने मैदानाकडे पाठ फिरवली. दोन्ही हात फाकले, आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात रेटतात तसं आम्हा सगळ्यांना एकदम मागे रेटलं. "मागे. मागे व्हा सगळे. वाट द्या त्याला." रादामेस माझ्या आईवर पडला. मागचा जाडा बाकावर आपटला आणि आई त्याच्या मांडीवर, बाळाच्या शेजारी, अगदी नीट बसली. मी कोणाच्या तरी बिअरमध्ये पडले. आणि माझा नवरा आमच्या सगळ्यांवर आडवा, हात पसरून, लाल शर्टावरचा कोंबडा रादामेसच्या नाकावर.

त्याच्या पाठीवर विल्किन आला. पोटावर कठडा, पाय मैदानात हवेत, धड आमच्यात, आणि डावा हात उलिसेसच्या मानेच्या वीतभर वर. मी खालून बघत होते. चेंडू मोठा होत गेला, त्यावरची शिवण दिसली, आणि तो त्या ग्लव्हमध्ये पडला. थप्प.

 मग पंच धावत आला, कठड्यावरून वाकला. विल्किनने तसंच उलटं लटकून हात वर केला. चेंडू आत होता.

त्यानंतरचा आवाज मला सांगता येणार नाही. तो कानांनी ऐकण्यासारखा नव्हता, छातीतच वाजत होता. ढोल, भोंगे, पत्रे, काय वाट्टेल ते वाजत होतं. तातो तिथेच गुडघ्यांवर हात टेकून उभा होता आणि हसत होता. मग फलंदाजामागे चेंडू झेलणारा कॅचर आला आणि त्याला उचलायला गेला, पण ते पोट काही उचललं गेलं नाही, तेव्हा दोघं मिळून खाली बसले आणि त्यांच्यावर सगळा संघ कोसळला. जाड्या माणसाने बाळाच्या आईला बाळ परत दिलं आणि तिला मिठी मारली. माझी आई रडत होती, रादामेस एका बुटावर नाचत होता.

आणि सगळ्यांच्या खालून उलिसेसचा आवाज येत होता, "काय झालं? अरे, कोणी सांगेल का मला, काय झालं?"

त्याने बघितलंच नव्हतं. आमच्याकडे तोंड होतं त्याचं. बानीच्या मैदानावरच्या सगळ्या माणसांत ज्याला तो झेल सगळ्यात जवळून दिसला असता, त्याला तेवढाच दिसला नव्हता.

"घेतला, दाजी, घेतला," रादामेस त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणाला, आणि त्याने त्याच्या टकलावर मुका घेतला. उलिसेस उठून बसला. फळ्याकडे बघितलं, विल्किनकडे बघितलं, आणि मग त्याने जो आवाज काढला तो आरवण्याचा नव्हता, कसलाच नव्हता. वासरू पहिल्यांदा सुटल्यावर काढतं तसा काहीतरी होता. मग तो माझ्या आईला उचलून गोल फिरवायला लागला. वरच्या रांगांतून, जिथे मोकाहून आलेली मूठभर माणसं बसली होती, तिथून एकजण ओरडला, "ए लाल शर्ट, गावी येऊ नकोस हं आता."

"येतो ना," उलिसेस आईला न सोडता ओरडला. "येतो आणि सांगतो सगळ्यांना."

मी तेव्हा बाथरूमकडे धावले. तिथे बायकांची रांग नाचत होती आणि कोणाला पुढे सरकायची घाई नव्हती. मला होती.

घरी जाताना रादामेस ट्रक चालवत होता, आई त्याच्या शेजारी, आणि आम्ही दोघं मागे उघड्यावर. ऊन उतरत होतं. रस्ता पुढे सरकत नव्हता. माणसं गाड्यांच्या टपावर उभी होती, दारादारांत पातेली वाजत होती, एक बाई कुत्र्याला निळी टोपी घालून नाचवत होती. लाल शर्ट बघून लोक थांबायचे, ओठ वाकडे करायचे, मग रादामेस खिडकीतून मान काढून ओरडायचा, "हाच तो, यानेच वाट दिली," आणि लोक उलिसेसच्या हातात बिअर द्यायचे.

"सांग ना," उलिसेस मला म्हणाला.

मी सांगितलं. चेंडू कसा वर गेला, वाऱ्याने कसा आणला, विल्किन कसा आला. पुढच्या खिडकीतून आई म्हणाली, "पोरगं पुरुषभर उंच उडालं," आणि रादामेस म्हणाला, "दोन बोटांत होता चेंडू, जरा इकडे असता तर गेला असता." दोन्ही खोटं होतं.

उलिसेसने हातातली बिअर संपवली. मग म्हणाला, "मोका हरली."

"हरली."

"एक हिट नाही. क्रेनला सुद्धा नाही." त्याने मान हलवली. "मला वाईट वाटतंय गं. खरंच, फार वाईट वाटतंय."

"दिसतंय," मी म्हटलं, कारण त्याचं तोंड या कानापासून त्या कानापर्यंत फाटलेलं होतं आणि तो ते मिटायचा प्रयत्न करत होता आणि त्याला जमत नव्हतं. तो माझ्या खांद्याला टेकला. ट्रक पुन्हा थांबला, कोणीतरी बाजूचा पत्रा बडवून गेलं.

"तो कठड्यापाशी येतो ना," तो म्हणाला, "तिथून सांग. आणि जरा सावकाश."

मी पुन्हा सांगायला लागले, आणि या वेळी विल्किनला मीही थोडं उंच उडवलं.